रात्रीची घरघर नेमकी कुणाची? आधी ते शोधू, मग एसएमपीएस घेऊ

पत्र थोडक्यात असं आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलंय. त्या घरूनच डीटीपीचं काम करतात, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, अधूनमधून एखादं पुस्तक. दिवसा घरचं काम आणि लाईटीचा भरवसा नाही म्हणून रात्री दहा ते एक-दीड बसतात. घर दोन खोल्यांचं, ज्या खोलीत कॉम्प्युटर तिथंच सासूबाई झोपतात. मशीन तीन वर्षांचं, बाराव्या जनरेशनचा आय फाईव्ह, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, एक एसएसडी आणि एक जुनी हार्ड डिस्क, एसएमपीएस (म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, पॉवर सप्लाय) कॅबिनेटसोबत आलेला, वर ४५० वॅट लिहिलेला, आणि लाईट गेल्यावर बॅटरीवर मशीन चालवायला एक यूपीएस. दोन महिन्यांपासून "मशीन लई घरघर करायलंय". सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पंधरा दिवसांपासून त्यांनी अंथरूण ओसरीवर नेलंय. दुकानदार म्हणतो ८५० वॅटचा गोल्ड घ्या, एकदम सायलेंट, साडेनऊ हजार. भाऊ म्हणतो फॅनमध्ये शिलाई मशीनचं तेल सोड, नाहीतर दीडशे रुपयांत फॅनच बदल. नवरा म्हणतो हे विकून लॅपटॉप घे. ताईंचा प्रश्न एवढाच, "कोणता पॉवर सप्लाय घेतला म्हणजे आवाज अजिबात येणार नाही?"

ताई,

तुमच्या पत्रात कॉम्प्युटरबद्दल दोन पानं आहेत आणि सासूबाईंबद्दल दोन ओळी, पण मी त्या दोन ओळींपाशीच अडकलो. पत्र मार्च अखेरीचं आहे. आपल्याकडं मार्च सरता सरता पत्र्याची नाहीतर स्लॅबची खोली रात्री बारापर्यंत धगधगत असते आणि म्हातारी माणसं दरवर्षी याच दिवसांत ओसरीवर, अंगणात, गच्चीवर झोपायला जातात. तुम्ही मनात धरून बसलात की त्या तुमच्या मशीनच्या आवाजानं उठून गेल्या. असेलही तसं, पण उकाड्यानं गेल्या असतील तर साडेनऊ हजार घालून, अगदी बिनआवाजाचं मशीन आणूनही त्या आत यायच्या नाहीत. तेव्हा सगळ्यात आधी, एक रुपया न घालवता, त्यांना विचारा. आणि नुसतं "आवाजाचा त्रास होतो का" असं विचारू नका, त्या नाहीच म्हणतील, त्या पिढीच्या बाया तसंच म्हणतात. संध्याकाळी मशीन चालू करून त्यांना शेजारी बसवा, आणि "यातला कोणता आवाज कानाला टोचतो" असं विचारा. त्या बोट दाखवून सांगतील.

दुसरं, आवाज *कधी* त्रास देतो हे बघा. मी नांदेडला बरीच वर्षं मशीन दुरुस्त केली आणि "कॉम्प्युटर रात्री आवाज करतो" ही तक्रार घेऊन लोक आले की मी विचारायचो, लाईट असताना का गेल्यावर? कारण पंखा चालू असताना त्याच्या आवाजाखाली कॉम्प्युटरचा आवाज बराचसा दबून जातो, पाण्याचा कूलर लावला तर मग विचारायलाच नको. लाईट गेली की पंखा थांबतो, कूलर थांबतो, सगळं गाव चिडीचूप, आणि यूपीएसवर एकटा कॉम्प्युटर घरघरतोय. तोच आवाज, पण तेव्हा खोलीभर होतो. आणि त्याहून मोठा आवाज यूपीएसचा, टीं... टीं... टीं. झोपलेल्या माणसाला सलग घरघरीपेक्षा असा तुटक आवाज जास्त जागं करतो. कमी व्होल्टेज असलं की यूपीएसमधला रिले, म्हणजे आपोआप बदलणारा स्विच, तो पण कटकट करतो, मोटारी चालू असल्या की आपल्याकडं हे रोजचंच. तेव्हा तुमच्या यूपीएसचं टीं टीं बंद करता येतं का बघा, बऱ्याच यूपीएसला बटण थोडं दाबलं की बीप बंद होते, पुस्तिकेत लिहिलेलं असतं. हे फुकटचं काम आहे, पण करण्याआधी एक ध्यानात घ्या, बीप बंद केली की बॅटरी संपत आलेली कळत नाही, म्हणून लाईट गेली की लगेच फाईल सेव्ह करायची सवय लावा.

आता खुद्द मशीनकडं येऊ. तुम्ही आणि दुकानदार दोघांनी मिळून पॉवर सप्लायला गुन्हेगार ठरवून टाकलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला नको म्हणून आधी तपास करू. तुमच्या डब्यात आवाज करणाऱ्या निदान चार वस्तू आहेत, प्रोसेसरवरचा फॅन, कॅबिनेटचा मागचा फॅन, जुनी हार्ड डिस्क आणि एसएमपीएस. आवाजाच्या जातीवरून बरंच कळतं. वाऱ्यासारखा सूऽऽ आवाज असेल तर फॅन नुसता जोरात फिरतोय, म्हणजे कुठंतरी गरम होतंय. जात्यासारखी घरघर, आणि सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर जास्त, थोड्या वेळानं कमी, असं असेल तर फॅनचं बेअरिंग गेलंय. कोरेलमध्ये, म्हणजे पत्रिका मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मोठी फाईल वर-खाली सरकवताना बारीक किर्र आवाज येत असेल आणि हात थांबवला की तो थांबत असेल तर तो फॅन नाहीच, मदरबोर्डावरच्या किंवा सप्लायमधल्या कॉईल करंट कमीजास्त होताना थरथरतात त्याचा आवाज असतो. आणि टेबल हाताला हुळहुळल्यासारखं लागत असेल तर हार्ड डिस्कची थरथर पत्र्याच्या कॅबिनेटला आणि तिथून टेबलाला लागलीय, आणि टेबल जर भिंतीला टेकलेलं असेल तर भिंतीलाही.

जुन्या वर्तमानपत्राची लांब सुरळी करा, एक तोंड कानाला लावा आणि दुसरं कॅबिनेटच्या बाहेरून फिरवा, फॅनच्या पात्यांपासून लांब ठेवून. मी अजूनही हेच करतो. सुरळीत आवाज कुठं भरून येतो ते अर्ध्या मिनिटात कळतं. मग खात्री करायची. मशीन बंद करा, मागची वायर काढा, बाजूचा पत्रा उघडा, हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढा, आणि परत चालू करा. विंडोज एसएसडीवर असेल तर डिस्कशिवायही मशीन सुरू होईल. घरघर गेली? मग तुमचा प्रश्न पॉवर सप्लायचा नव्हताच. नाही गेली तर परत बंद करून मागच्या कॅबिनेट फॅनची वायर काढा, पाच मिनिटं चालवून बघा. प्रोसेसरच्या फॅनची वायर मात्र काढू नका, त्याचा वेग बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून, तात्पुरता कमी करून बघता येतो. एवढं करूनही आवाज तसाच राहिला आणि सुरळीनं एसएमपीएसकडंच बोट दाखवलं, तर मग त्याला पकडायचं. माझा अंदाज विचाराल तर तीन वर्षांचा कॅबिनेटसोबतचा सप्लाय आणि "घरघर" हा शब्द, म्हणजे त्याच्याच फॅनचं बेअरिंग असण्याची शक्यता बरीच. त्या स्वस्त सप्लायमध्ये साध्या बुशचं बेअरिंग असतं, फॅन आडवा बसवलेला असतो, आतल्या उष्णतेनं तेल वाळून जातं आणि मग धातूवर धातू घासतो.

आता थोडं हिशोबाचं, कारण शांत सप्लाय म्हणजे काय ते यातच आहे. सप्लायचं काम भिंतीतली २३० व्होल्टची एसी घेऊन मशीनला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी द्यायचं. या बदलात काही वीज वाया जाते आणि जेवढी वाया जाते ती सगळी त्या डब्यात उष्णता होते. समजा मशीनला १०० वॅट हवेत. सप्लाय ७५ टक्के कार्यक्षम असला तर तो भिंतीतून १३३ वॅट ओढणार, म्हणजे ३३ वॅटची उष्णता. ९० टक्केवाला १११ ओढणार, उष्णता ११ वॅट. एक तृतीयांश! फॅन त्या उष्णतेला बाहेर काढायलाच फिरतो, उष्णता कमी तर फॅन सावकाश, फॅन सावकाश तर आवाज कमी. कार्यक्षमतेचा आणि शांततेचा संबंध इतकाच आणि असाच आहे. वीजबिल वाचेल म्हणून गोल्ड घ्या असं कुणी म्हणलं तर तेवढं मनावर घेऊ नका, तुमच्या कामाला महिन्याला फार तर दोन-अडीच युनिटचा फरक पडेल.

आता ते गोल्ड, ब्राँझ काय ते सांगतो, कारण दुकानात या शब्दांवर पैसे मोजले जातात. ८० प्लस नावाचा हा शिक्का २००४ पासून आहे, साधा, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटेनियम अशा पायऱ्या आहेत. तो फक्त कार्यक्षमता सांगतो. आवाजाबद्दल त्या शिक्क्यात एक अक्षर नाही. गोल्ड असून कटकट्या फॅनचा सप्लाय असू शकतो आणि ब्राँझ असून शांतही असू शकतो. शिवाय ती चाचणी २३ अंशाच्या खोलीत होते. २३ अंश आपल्याकडं डिसेंबरातल्या सकाळी असतात ताई, एप्रिल-मेमध्ये तुमच्या खोलीत ३८-४० असणार आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त.

आणि दुकानदारानं सांगितलेल्या ८५० वॅटबद्दल. "मोठा घेतला की आवाज कमी" हे अर्धं खरं आहे. मोठ्या सप्लायला थोडंच काम दिलं तर तो गरम होत नाही, फॅन हळू फिरतो, हे बरोबर. पण तुमच्या मशीनला लागतं किती? तुमचा प्रोसेसर आय फाईव्ह १२४०० असेल तर तो जास्तीत जास्त जोर लावला तरी ११७ वॅटपर्यंत जातो, बाकी बोर्ड, रॅम, डिस्क धरून दीडशेच्या आसपास, आणि तुम्ही टाईप करत असता, पान लावत असता तेव्हा चाळीस-पन्नास वॅटच्या पुढं मशीन जातच नाही. ८० प्लसच्या गोल्डची मोजणी सुरूच होते २० टक्के लोडपासून, आणि ८५० चे २० टक्के म्हणजे १७० वॅट. म्हणजे तुम्ही ज्या शिक्क्याचे पैसे देणार त्या शिक्क्याच्या हद्दीत तुमचं मशीन पायसुद्धा ठेवणार नाही. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही, त्याच्याकडं ग्राफिक कार्डवाली गेमिंगची पोरं येतात आणि त्यांना तो हेच सांगतो, त्यांना ते लागूही पडतं. तुम्हाला ४५० ते ५५० वॅटचा चांगला सप्लाय पोटभर झाला.

"पण माझा आत्ताचाही ४५० चाच आहे की", असं तुम्ही म्हणाल. म्हणून त्याचा स्टिकर वाचायला शिका. आत्ता माझ्या टेबलवर असाच एक काढलेला डबा आहे. वर ठसठशीत ४५० लिहिलंय. बाजूच्या बारीक अक्षरांच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर आहेत. १२ गुणिले १४, झाले १६८ वॅट. आजकालचं मशीन जवळपास सगळं १२ व्होल्टवरच चालतं, म्हणजे हा डबा प्रत्यक्षात दीडशे-पावणेदोनशे वॅटचाच आहे, ४५० हे नुसतं नाव. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर त्याच तक्त्यात १२ व्होल्टपुढं चाळीसच्या वर अँपिअर असतात. हा तक्ता डब्यावरच छापलेला असतो, दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर गुणाकार करून बघा.

म्हणून माझं मत सरळ सांगतो. तपासात आवाज हार्ड डिस्कचा निघाला तरी, आज ना उद्या, हा सोबत आलेला सप्लाय बदलाच. तुमची रोजीरोटी त्या मशीनवर आहे आणि महावितरणच्या लाईनीच्या आणि तुमच्या मदरबोर्डाच्या मधे तोच एक डबा उभा आहे. पण त्याला साडेनऊ हजार लागत नाहीत, साधारण चार-साडेचार ते सहा हजारांत तुमच्या कामाचा येतो.

घेताना काय बघायचं. फॅन १२० मिलीमीटरचा किंवा मोठा हवा, कारण मोठा फॅन हळू फिरून तेवढीच हवा काढतो. बेअरिंग फ्लुईड डायनॅमिक, म्हणजे एफडीबी, असेल तर उत्तम. बॉल बेअरिंग उन्हाळ्यात जास्त टिकतं पण हळू फिरतानाही त्याचा बारीक आवाज असतो, रात्रीच्या कामाला एफडीबीच बरं. वॉरंटी पाच वर्षांची तरी हवी, आणि दुकानदाराला आधीच विचारून घ्या की बिघडला तर तो स्वतः पाठवणार का तुम्हाला संभाजीनगर-पुण्याला पार्सल करत बसावं लागणार, बिलावर लिहून घ्या. इनपुटला "१०० ते २४० व्होल्ट" लिहिलेलं असावं, संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं तरी असा सप्लाय कुरकुर करत नाही. डब्यावर लिहिलेले वॅट किती तापमानापर्यंत मिळतात, "४० अंशाला" का "५० अंशाला", हे चांगल्या कंपन्या छापतात, मराठवाड्यासाठी ५० वालाच घ्यावा.

आणि आवाजासाठी खरा आधार म्हणजे सायबेनेटिक्स नावाच्या सायप्रसमधल्या संस्थेची मोजणी. ते प्रत्येक मॉडेलला आवाजाची वेगळी श्रेणी देतात, लॅम्ब्डा म्हणतात तिला. सरासरी आवाज १५ डेसिबलच्या आत असेल तर ए प्लस प्लस, १५ ते २० ए प्लस, २० ते २५ ए, २५ ते ३० ए मायनस. ए किंवा त्याच्या वरचं मॉडेल बघा, रात्रीच्या खोलीतही ते कानाला फारसं जाणवत नाही. पूर्ण मॉडेल नंबर टाकून बघायचं, नुसत्या कंपनीच्या नावावर विसंबायचं नाही, एकाच कंपनीचा एक सप्लाय शांत आणि दुसरा ओरडणारा असतो.

झिरो आरपीएम हा शब्द दुकानात ऐकाल. कॉर्सेअरची आरएमएक्स मालिका, सीझॉनिकची फोकस मालिका, यांत ती सोय असते, लोड कमी असेल तोवर फॅन फिरतच नाही. ऐकायला छान वाटतं आणि थंड गावात छानच आहे. पण आपल्याकडं मेमध्ये खोलीच तापलेली, तर फॅन चालू-बंद, चालू-बंद होत राहतो आणि मगाशी म्हणलं तसं तुटक आवाज सलग आवाजापेक्षा जास्त जागं करतो. शिवाय आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, उष्णतेला हळवे असतात, दहा अंश तापमान कमी राहिलं तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं असा ठोकताळा आहे. म्हणून मी आपल्या भागात कायम सावकाश फिरणारा फॅन पसंत करतो, किंवा झिरो आरपीएम बटणानं बंद करता येईल असा. बिनफॅनचे सप्लायही मिळतात, पण त्यांची किंमत तुमच्या अख्ख्या मशीनच्या अर्ध्यावर जाईल आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांना कॅबिनेटची हवा खेळती ठेवणारा दुसरा फॅन लागणारच.

यूपीएसचंही बघून घ्या. ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅट देतो, तुम्हाला भरपूर झाला. पण लाईट गेल्यावर तो बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ सप्लायनं आपल्या पोटातल्या साठ्यावर मशीन जगवायचं असतं. चांगला सप्लाय पूर्ण लोडवर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. लाईट गेली की तुमचं मशीन कधीकधी रिस्टार्ट होत असेल तर दोष यूपीएसचा नसून या डब्याचा असू शकतो, नव्या यूपीएसवर पैसे घालायच्या आधी हे ध्यानात ठेवा.

आता भावाचं तेल. त्याची तळमळ खरी आहे आणि साध्या बुशच्या फॅनला तेलानं पंधरा दिवस-महिनाभर आराम पडतोही. पण त्यासाठी सप्लाय उघडावा लागतो आणि तो उघडू नका, हे मी हात जोडून सांगतो. आत तीनशेच्या वर व्होल्ट साठवलेला कपॅसिटर असतो, वायर काढल्यावरही काही वेळ तो भरलेला राहतो, आणि त्यानं जीव जाऊ शकतो. फॅन बदलायचं म्हणाल तर माझंच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या घरच्या मशीनचा सप्लाय फार आवाज करतो म्हणून मी त्यात हौसेनं हळू फिरणारा फॅन बसवला. हिवाळाभर काय सुख होतं, मशीन चालू आहे की नाही कळायचं नाही. मेच्या एका दुपारी जळका वास आला, फट्ट झालं, सप्लाय गेला आणि जाता जाता मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला, त्यात माझ्या वडिलांचे आवाज रेकॉर्ड केलेले होते, ते परत मिळाले नाहीत. फॅन त्या सप्लायच्या उष्णतेच्या मापानं बसवलेला असतो. त्याला हात लावू नका.

धूळ मात्र काढा. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ आणि दिवाळीनंतर कापसाचे तंतू, दोन्ही मिळून सप्लायच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो आणि मग बिचारा फॅन जीव तोडून फिरतो. सप्लाय न उघडता, वायर काढून, बाहेरून ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ करता येतं, फक्त ब्लोअर मारताना अगरबत्तीच्या काडीनं पातं अडवून धरा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. कूलरची ओली हवा मशीनवर थेट येत असेल तर मशीन बाजूला घ्या, ओल्या हवेनं धूळ चिकटून चिखल होतो.

नवऱ्याचा लॅपटॉपचा सल्ला मी उडवून लावणार नाही. लॅपटॉप शांत असतो, लाईट गेली तरी चालतो, यूपीएसचं टीं टीं संपतं. सासूबाईंच्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात बसता येतं, ही मोठी गोष्ट आहे. पण तुमच्या कामाला मोठा मॉनिटर लागतो, मशीन तीनच वर्षांचं आणि धडधाकट आहे, विकायला गेलात तर मिळेल निम्म्याहून कमी, आणि तसा लॅपटॉप चाळीस-पन्नास हजारांच्या खाली येत नाही. एका फॅनच्या घरघरीसाठी हे मला महाग वाटतं. पुढच्या दोन वर्षांत मशीन बदलायचंच ठरलं तेव्हा हा पर्याय पहिला ठेवा.

त्याआधी जागेचं बघा. कॅबिनेट टेबलावर कानाच्या उंचीवर आहे का? खाली घ्या, भिंतीपासून वीतभर पुढं, चार पायांखाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे कापून ठेवा, थरथर टेबलात जात नाही. सप्लाय खालच्या बाजूला बसत असेल आणि त्याचा फॅन जमिनीकडं असेल तर फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको, हवा कोंडते. तुमच्या कॅबिनेटमध्ये तो वर मागे बसत असेल, जुन्या पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये असाच असतो, तर प्रोसेसरची सगळी गरम हवा तोच ओढतो आणि कितीही महागाचा आणला तरी त्याला जोरात फिरावं लागतं. तेव्हा मागचा फॅन नीट चालतोय ना ते बघा. जुन्या हार्ड डिस्कवर नुसत्या जुन्या फाईली असतील तर तिला बाहेरच्या केसमध्ये घालून लागेल तेव्हाच जोडा, एक आवाज कायमचा कमी.

अशीच पत्रं आणखी दोघा-तिघांची आहेत म्हणून त्यांच्यासाठी इथंच. ऑफिसमधून निघालेलं सेकंड हँड ब्रँडेड मशीन असेल, तर दुकानातला साधा सप्लाय घेण्याआधी आतली पिन मोजा, डेल-एचपीच्या बऱ्याच मशीनमध्ये पिन आणि आकार दोन्ही वेगळे असतात. ग्राफिक कार्ड असेल तर कार्डाचे वॅट, प्रोसेसरचे वॅट आणि वर शंभर धरा, आणि त्याच्या दीडपट ते दुप्पट घ्या, तिथं ६५०-७५० चा गोल्ड खरंच उपयोगी पडतो. घरी आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांनो, घूंऽऽ असा आवाज स्पीकरमधून किंवा माईकमधून येत असेल आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तुमचं अर्थिंग गेलंय. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी सोडायची जुनी पद्धत उगाच नाही. सप्लाय बदलून तो आवाज जाणार नाही, वायरमनला बोलवा.

ताई, नवीन सप्लाय आणलात तर त्याच्यासोबत आलेल्याच वायरी वापरा. सुट्या वायरींचा सप्लाय असेल तर दुसऱ्या मॉडेलच्या वायरी दिसायला सारख्या आणि बसायलाही बरोबर बसतात पण आतली जोडणी वेगळी असते आणि मदरबोर्ड जळतो, हे मी माझ्या टेबलावर दोनदा बघितलंय. बसवून झाल्यावर पहिल्या दोन रात्री जुना डबा टाकून देऊ नका. एक रात्र लाईट असताना आणि एक रात्र लाईट गेल्यावर यूपीएसवर, दोन्ही वेळा मोबाईल सासूबाईंच्या उशीच्या जागी ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, आणि आत्ताच्या मशीनचंही आजच तसंच रेकॉर्डिंग करून ठेवा. बिल वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा आणि नवाच सप्लाय किर्र करत असेल तर लगेच परत न्या, कॉईलचा आवाज एकाच मॉडेलच्या एका नगात असतो आणि दुसऱ्यात नसतो.

तुमच्या आत्ताच्या सप्लायच्या स्टिकरचा आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. तो वर बसतो का खाली ते कळलं की कोणत्या मापाचा बसेल ते मी नेमकं सांगतो.